व्यवसायो पचार

पाटी रंगवणाऱ्याचा अंदाज चुकला, आणि माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी दवाखान्यासमोर बेकारांची रांग लागली. माझ्या शास्त्राचं उल्हासनगरात स्वागत झालं ते असं.

लिहायचं होतं ‘व्यवसायोपचार विभाग’. ऑक्युपेशनल थेरपीला हा शब्द आमच्या धर्मादाय दवाखान्याच्या चिटणिसांनी दोन रविवार शब्दकोशात डोकं घालून शोधला होता आणि त्यांना त्याचा फार अभिमान होता. रंगाऱ्याने पहिल्या ओळीत ‘व्यवसायो’ एवढंच, वीतभर उंचीच्या पिवळ्या अक्षरांत काढलं. तिथे फळी संपली. उरलेलं ‘पचार विभाग’ त्याने खालच्या कडेला बारीक अक्षरांत दाटीवाटीने बसवलं. चिटणीस म्हणाले, "वाचणारा जोडून वाचेल." चिटणिसांचा वाचणाऱ्यांवर फार विश्वास होता.

दवाखाना पाच नंबर कॅम्पात, लष्कराने सोडून दिलेल्या एका लांबलचक बराकीत होता. एका टोकाला डॉक्टर, मधे औषधांची खिडकी आणि दुसऱ्या टोकाच्या, खिडकी नसलेल्या खोलीत मी. बराकीची राखण करणारे गृहस्थ सिंधी होते. फाळणीआधी तिकडे त्यांचं कापडाचं दुकान होतं. इकडे त्यांच्याकडे बराकीच्या किल्ल्यांचा जुडगा होता. मराठी अक्षरं ते नुकतीच शिकले होते आणि दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायचे. माझी पाटी वाचून त्यांचा चेहरा उजळला.

"दादी! ये तो हमारी बोली में लिखा है!"

सिंधीत कितीतरी शब्दांच्या शेवटी ‘ओ’ येतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. थोरल्या बहिणीला मानाने ‘दादी’ म्हणतात, हेही नव्हतं. तेविसाव्या वर्षी, पहिल्याच दिवशी, एका पांढऱ्या मिशीच्या माणसाने मला आजी म्हटलं म्हणून मी मनात खट्टू होऊन घरी गेले. मागे राखणदारांनी चार गल्ल्यांत बातमी पोचवली की धंदा देणारं ऑफिस उघडलंय आणि तिथे एक शिकलेली मराठी दादी बसते.

सकाळी रांग बघून मला वाटलं, शिक्षणाचं चीज झालं. पहिले गृहस्थ पुढे आले. धट्टेकट्टे, चेहऱ्यावर आजाराचा मागमूस नाही.

"दादी, बिस्कुट का काम आता है. भट्टी की जगह दिला दो."

मी त्यांना समजावलं, की मी धंदा देत नाही. आजारी माणसाला काम करायला लावून त्या कामातूनच त्याला बरं करते.

"मतलब पहले बीमार होना पड़ेगा?"

"हो."

"फिर धंधा मिलेगा?"

"नाही. मग तुम्ही बरे व्हाल."

त्यांनी मागे वळून रांगेकडे पाहिलं. "ठीक तो हम अभी भी हैं," ते म्हणाले, आणि रांग पांगली. जाताना एक बाई राखणदारांना सिंधीत काहीतरी बोलली. मी अर्थ विचारला. ते म्हणाले, "कुछ नहीं दादी, दुआ दे रही थी." दुआ देताना इतके हातवारे करतात हे मला नवीन होतं.

कॅम्पातल्या लोकांना मी दोष देत नाही. माझ्या घरातच याहून वेगळं नव्हतं. आम्ही कुळगावचे. वडील अंबरनाथच्या काड्यापेटीच्या कारखान्यात हजेरी मांडत. स्वतः चौथी पास. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मीच पहिली, आणि तेही वडिलांच्या हट्टामुळे. लोक म्हणाले, पोरीला इतकं शिकवून काय करणार? वडील म्हणाले, "शिकल्यावर कळेल." बी.एस्सी. झाल्यावर मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात हा नवा अभ्यासक्रम निघाला होता, तो मी केला. तरीही कळलं नाही. मग वडिलांनी शेजाऱ्यांना "इस्पितळात असते" एवढंच सांगायला सुरुवात केली, म्हणजे शेजाऱ्यांना डॉक्टरीण वाटावं आणि आपण खोटंही बोललो नाही असं व्हावं.

एका रविवारी मावशी आली आणि तिने सरळ विचारलं, "तू करतेस तरी काय गं?"

मी मन लावून सांगितलं. पोलिओने पाय गेलेल्या मुलांना खेळातून उभं राहायला शिकवायचं. अर्धांगवायू झालेल्या माणसाला एका हाताने सदरा घालायला, भाकरी मोडायला शिकवायचं. क्षयाच्या रुग्णालयात महिनोन्‌महिने खाटेवर पडून असलेल्यांना झेपेल तेवढंच काम द्यायचं, म्हणजे बरा होऊन घरी गेल्यावर माणूस पहिल्याच दिवशी कोसळत नाही. वेड्यांच्या इस्पितळात जे कुणाशी बोलत नाहीत त्यांना बागेत, मागावर, चिखलात हात घालायला लावायचा. बोलणं मागून येतं. कारखान्यात बोटं गेलेल्याला उरलेल्या बोटांची ओळख करून द्यायची.

मावशीने सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे बालवाडी," ती म्हणाली.

"मोठ्यांची," आईने दुरुस्ती केली.

वडील वर्तमानपत्रामागून म्हणाले, "टोपल्यांचं सांग की. टोपल्या विणायला शिकवतात. त्याला बी.एस्सी. लागते."

टोपल्यांचं खरं होतं. आमचं पाठ्यपुस्तक परदेशी होतं. त्यात एका चित्रात युद्धात जखमी झालेला एक गोरा सैनिक वेताची टोपली विणत होता आणि हसत होता. तो का हसतोय हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, पण टोपली विणताना मनगट कसं वर उचललं जातं, बोटं कशी उघडतात-मिटतात, ते बाण काढून दाखवलं होतं. मी ते चित्र पाठ केलं होतं. परीक्षेत काढलं होतं. त्याला पूर्ण गुण मिळाले होते.

श्रावणात राखणदार आत आले. "दादी, तुम्हारे गाँव का आदमी है. धंधा माँगता है. मैंने बोला मिलेगा."

दारात आमच्या आळीचे न्हावी उभे होते. त्यांना आम्ही सगळी मुलं काका म्हणायचो. माझ्या भावाचं जावळ त्यांनी काढलं होतं. वडिलांची दाढी मी जन्मायच्या आधीपासून तेच करत. वैशाखात वांगणीच्या एका लग्नाहून येताना बैलगाडी कलंडली आणि त्यांचा उजवा दंड मोडला, एवढं मला माहीत होतं. हाडवैद्याने बांधला, हाड सांधलं, असंही ऐकलं होतं.

"बाय, तू कामं देतंस असं कळलं," ते म्हणाले. "झाडू मारीन. पानी भरीन. डाव्या हातानं व्हईल असं काय बी दे."

"उजव्याला काय झालं, काका?"

त्यांनी हात पुढे केला. पंजा मनगटापासून खाली लोंबत होता, केळीच्या मोडक्या पानासारखा. "वर करा," मी म्हटलं. त्यांनी दात आवळले, कपाळावर घाम आला, पंजा जागचा हलला नाही.

इथे मला एक कबूल केलं पाहिजे. मला आनंद झाला. दंडाच्या हाडाला लागून जाणारी शीर दबली की मनगट असं पडतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं, आणि आता ते माझ्या खोलीत चालत आलं होतं. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. नव्या पदवीधराचा चेहरा वाचायला फार शाळा शिकावी लागत नाही.

"हसतंस का गो?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की शीर तुटलेली नाही, झोपली आहे. काही महिन्यांत जागी होईल, पण तोवर हात आखडू दिला नाही तर. तो "तर" माझ्या वाट्याला आला. मी पत्र्याची पट्टी वाकवून, आत कापूस लावून, चांभाराकडून चामड्याचे बंद शिवून घेतले आणि मनगट वर उचलून धरणारा आधार बनवला. काकांनी तो घालून हात उलटसुलट केला. "घोड्याला लगाम असतो, तसा," ते म्हणाले. पण घालून गेले.

खरी गोष्ट त्यांनी जाताना दारात सांगितली. गावात कोणत्या न्हाव्याने कोणत्या घरांची दाढी-हजामत करायची ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असे. काकांची घरं त्यांच्या आज्यापासूनची. आता बदलापूर स्टेशनाजवळ एकाने फिरती खुर्ची आणि हा एवढा आरसा लावून दुकान टाकलं होतं, आणि गावातल्या कर्त्या मंडळींनी काकांना कळवलं होतं की गुढीपाडव्यापर्यंत वाट बघू. तोवर वस्तरा धरून दाखवलास तर घरं तुझी. नाहीतर ती खुर्चीवाल्याला. गावाने हे अतिशय प्रेमाने कळवलं होतं. दोन माणसं मुद्दाम घरी येऊन चहा पिऊन सांगून गेली होती.

"वस्तरा गेला तर मी कोण, बाय?" काका म्हणाले.

मी म्हटलं, "काळजी करू नका. माझ्याकडे उपचार आहे." आणि त्यांना टोपली विणायला बसवलं.

भाद्रपद, आश्विन, कार्तिक. काका आठवड्यातून तीनदा येत, आधी पायी, मग टांग्याने, आणि पुस्तकातल्या बाणांप्रमाणे वेत वर-खाली करत. ते त्या सैनिकासारखे हसले नाहीत. मात्र टोपल्या उत्तम झाल्या. विश्वस्त मंडळी एकदा येऊन बघून गेली आणि इतकी खूष झाली की रुग्णांनी बनवलेल्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. चिटणीस मला म्हणाले, "तुमचा विभाग चांगला चाललाय. टोपल्या दिसताहेत." माणूस दिसतोय का, हे विचारायची रीत नव्हती.

दिवाळीनंतर मनगट थोडं हलू लागलं. पाच बोटांपैकी तीन उघडू लागली. मला वाटलं, आता काका खूष होतील. ते यायचेच कमी झाले. एकदा दहा दिवसांनी उगवले तेव्हा मी जरा रागानेच विचारलं.

"एक विचारू? रागावशील," ते म्हणाले.

"विचारा."

"मी ह्या टोपल्या करायला लागलो, तर बुरडानं काय करायचं?"

मला कळलं नाही.

"आमच्या इथं टोपल्या बुरूड करतो. त्याच्या आज्यापास्नं करतो. मी त्याच्या टोपल्या केल्या, तर त्या खुर्चीवाल्यात नि माझ्यात काय फरक राह्यला? परवा मला बाजारात भेटला तो. म्हनला, ‘काय न्हावीदादा, ऐकतो ते खरं का?’ माझी मान खाली गेली, बाय. मान खाली घालून दुसऱ्याची मान कशी धरू?"

माझ्या पाठ्यपुस्तकात बुरूड नव्हता. दोन वर्षं मी शिकले होते की काम हेच औषध. हे औषध शेजाऱ्याच्या ताटातून उचललेलं असू शकतं, यावर एकही प्रकरण नव्हतं. मी काकांना टोपली खाली ठेवायला सांगितलं. राखणदार तोंड बारीक करून म्हणाले, "दादी, आधी रह गई." ती अर्धी टोपली पुढे कितीतरी दिवस माझ्या टेबलाखाली होती, मी तिच्यात रद्दी टाकायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील खिडकीत आरसा टांगून स्वतःची दाढी करत होते. काकांचा हात मोडल्यापासून त्यांनी खुर्चीवाल्याकडे पाऊल टाकलं नव्हतं. स्वतःच करायचे आणि रोज दोन-तीन ठिकाणी कापून घेऊन, तुरटी लावून कारखान्यात जायचे. मी वही घेऊन शेजारी बसले. फेस करताना मनगट किती वेळा गोल फिरतं, वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर उलटताना बोटं काय करतात, गालावर मनगट वर असतं, हनुवटीखाली ते उलटं होतं, आणि तेव्हा डावा हात कातडी कशी ताणतो, सगळं लिहीत गेले.

"काय लिहितेस?" वडिलांनी विचारलं.

"तुमची दाढी."

"तिचीही परीक्षा असते?"

"असते."

"मग हे लिही," ते म्हणाले आणि गालावरचं रक्त पुसलं. "विद्यार्थी नापास."

पौषात मी काकांना त्यांचीच पेटी घेऊन यायला सांगितलं. ती त्यांनी वैशाखापासून उघडली नव्हती. पहिले काही दिवस फक्त वाटीत फेस. मग वस्तऱ्याऐवजी लाकडी पट्टी. मग एक मडकं पालथं घालून त्याला साबण फासायचा आणि तो खरवडून काढायचा. मडक्याची दाढी करताना काका पहिल्यांदा हसले. अगदी चित्रातल्यासारखं नाही, पण हसले. "हे गिऱ्हाईक बरं," म्हणाले. "बोलत नाय, नि चुनाही मागत नाय."

माघात अंबरनाथला शिवमंदिराची जत्रा भरली. मी तिथून फुगे आणले. कोवळ्या कातडीला सगळ्यात जवळचं ते. फुग्याला फेस लावायचा आणि खऱ्या वस्तऱ्याने, फुगा न फोडता, तो काढायचा. फुगवायचं काम राखणदारांनी आपण होऊन घेतलं. त्या दिवसांत आमच्या बराकीत दर थोड्या वेळाने फट्‌ आवाज व्हायचा, औषधांच्या खिडकीशी उभे लोक दचकायचे आणि राखणदार शांतपणे सांगायचे, "कुछ नहीं. एक आदमी और गया."

नेमके तेव्हाच चिटणीस तपासणीला आले. खोलीत एक मध्यमवयीन माणूस हाताला पत्रा बांधून एका लाल फुग्याची दाढी करत होता आणि दुसरा दुसऱ्या फुग्यात हवा भरत होता.

"हे काय?"

"उपचार," मी म्हटलं.

"टोपल्या कुठे आहेत?"

"बंद केल्या."

"प्रदर्शनात फुगे मांडायचे का?" त्यांनी विचारलं. मी त्यांना बुरडाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि अहवालात लिहिलं, की विभागात उत्पादन घटले असून त्याजागी करमणुकीचे कार्यक्रम चालतात. पाडव्यानंतर या विभागाचा फेरविचार करावा, असंही त्यांनी सुचवलं. म्हणजे पाडव्याला आता दोघांचा निकाल होता. मला वाईट एवढंच वाटलं, की काकांच्या निकालाला निदान काही अर्थ होता.

फाल्गुनात फुगे फुटणं कमी झालं. आधार आता फक्त काम नसतानाच लागे. पण फुगा तो फुगा. माणसाचा गळा कुठून आणायचा? मला दाढी नव्हती. माझ्या शिक्षणातली तेवढी एक उणीव राहून गेली होती. राखणदारांना विचारलं. ते म्हणाले, "दादी, जान दे दूँगा तुम्हारे लिये," आणि त्यानंतर तीन दिवस किल्ल्या दुसऱ्याच्या हाती पाठवत राहिले.

त्यातच गावाने दिवस नक्की केला. पाडव्याला सकाळी बैठक. तेव्हा हात दाखवायचा तो आदल्या दिवशी, मारुतीच्या पारावर, सगळ्यांसमोर, खऱ्या माणसाची दाढी करून. काकांनी येऊन सांगितलं आणि मी बोटं मोजली. पाडव्याचा आदला दिवस म्हणजे अमावास्या. अमावास्येला कुळगावात कुणी नखसुद्धा काढत नसे.

"त्यांच्या लक्षात नाही आलं?" मी विचारलं.

"ते म्हनतात, नाय आलं." काका पेटी बांधत होते. "त्यातला एक पंचांग सांगतो, बाय."

"मग आता?"

"आता काय. तू लय केलंस. मडक्याची दाढी येते मला. कुंभारवाड्यात घरं मागीन."

हे ते हसत म्हणाले. हात मात्र पेटीचं कुलूप लावताना दोनदा घसरला, आणि तो शिरेमुळे घसरला नाही.

घरी मी काहीच बोलले नाही. वडिलांना सांगण्यासारखं काय होतं? त्यांनी मला शिकवलं आणि मी वर्षभरात सात टोपल्या आणि एक फुगेवाला तयार केला. रात्री जेवताना त्यांनी अचानक विचारलं, "ते फुगे अजून फुटतात का?"

"शेवटचे चार नाही फुटले."

"चार म्हणजे काही फार नाहीत," ते म्हणाले आणि ताक मागितलं.

अमावास्येला सकाळी मी पारावर गेले. मंडळी आधीच जमली होती. बघायला अमावास्या आड येत नाही. काका आपली पेटी उघडून, फेस तयार करून, समोर रिकामा पाट मांडून बसले होते. पाटावर कुणी बसत नव्हतं. पंचांग सांगणारे गृहस्थ हळहळत होते. "आमचं काही नाही हो, पण तिथीच आडवी आली. हातात असतं तर..." खुर्चीवालाही आला होता, आणि तो मात्र खरोखरच अवघडून एका बाजूला उभा होता.

आणि तेवढ्यात वडील आले. सदरा काढून खांद्यावर टाकलेला. ते पाटावर बसले, मान वर केली, आणि तेव्हा मला दिसलं की त्यांच्या गालांवर आठ-दहा दिवसांचे खुंट आहेत. आठ-दहा दिवस! काका मला अमावास्येचं सांगायच्या कितीतरी आधीपासूनचे. गावाने काय ठरवलंय ते पारावर बसणाऱ्या माणसाला माझ्याआधी कळलं होतं. तो रोज माझ्या समोर बसून जेवत होता आणि दाढी वाढवत होता. निरीक्षणाच्या विषयात मला वर्गात पहिला नंबर होता.

"भाऊ, आज अमावास्या," काका हळूच म्हणाले.

"मला कारखान्यात रोज तारीख लिहावी लागते. तिथी लिहीत नाही," वडील म्हणाले. "चल."

काकांनी हाताचा पत्रा सोडला आणि न बघता माझ्याकडे दिला. फेस लावला. वस्तरा पट्ट्यावर चार वेळा उलटला. चारही वेळा मनगट वर. मग त्यांनी डाव्या हाताने वडिलांचं डोकं असं कलतं केलं, जसं मी लहानपणी शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि पहिला हात गालावरून खाली आला. मी मनात माझ्या वहीतले टप्पे म्हणत होते. गाल झाला. दुसरा गाल झाला. हनुवटीखाली मनगट उलटं होतं तिथे ते थांबले. वस्तरा वडिलांच्या गळ्याशी होता आणि हवेत थरथरत होता, अगदी बारीक.

"मुलगी मला विचारत होती," वडील मान वर ठेवूनच बोलू लागले, "की तुला..."

"बोलू नका, भाऊ," काका एकदम धंद्याच्या आवाजात खेकसले. "बोललात की गळा हलतो. किती वर्षं सांगतोय?"

थरथर गेली. वस्तरा वर सरकला.

शेवटी कानाखाली एक लहानसा थेंब उगवला. "रक्त!" पंचांगवाले उभेच राहिले.

वडिलांनी बोटाने तो पुसला आणि बघितला. "माझ्या हातानं रोज याच्या चौपट येतं," ते म्हणाले. "लिहून घ्या हवं तर."

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत गावाने काकांची घरं काकांकडे ठेवली. अर्थात फार मोठ्या मनाने. तरण्या पोरांची चार-पाच घरं तरी खुर्चीवाल्याकडेच गेली. आरशाला उपचार नाही. अमावास्येला दाढी केली म्हणून आईला मात्र महिनाभर काळजी होती की आता घरात काहीतरी होणार. काही झालं नाही, तेव्हा ती म्हणाली की तिने मारुतीला नारळ दिला म्हणून.

पारावरून परत येताना वडील हनुवटीखाली हात फिरवत होते. मला वाटलं, आता काही बोलतील. मी त्यांचे आभार मानायचे ठरवले होते, वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

"खुंट राह्यलेत इथे," ते म्हणाले. "फुग्याला हनुवटी नसते. तेवढं शिकव त्याला."

माझ्या विभागाचा फेरविचार झाला नाही, कारण विश्वस्तांची बैठकच पुढे ढकलली गेली, आणि मग ती विसरली गेली. वैशाखात एका दुपारी काका कॅम्पात आले. आजारी म्हणून नव्हे. बराकीच्या ओसरीवर त्यांनी पाट मांडला आणि राखणदारांना बसवलं. गिऱ्हाईक डोळे घट्ट मिटून, दोन्ही हातांनी किल्ल्यांचा जुडगा धरून बसलं होतं. दाढी संपली, तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला, गालावरून हात फिरवला आणि वर टांगलेल्या पाटीकडे बोट केलं.

"दादी, तुम लोगों को बोलती थी, धंधा नहीं मिलता." ते काकांकडे बघून हसले. "मैंने तो बराबर पढ़ा था."

चिटणिसांनी त्या वर्षी रंगाऱ्याला पाटी दुरुस्त करायला पाठवलं होतं. मी त्याला चहा पाजला आणि औषधांच्या खिडकीवरची पाटी रंगवायला लावून परत पाठवलं.